कच्ची प्रत

त्या स्टुडिओत फोटो काढून घेतलेला माणूस घरी जाऊन आरशावर चिडायचा, अशी त्या दुकानाची ख्याती होती. गालभर देवीचे व्रण घेऊन आलेला गृहस्थ फोटोत तुकतुकीत निघायचा. दोन हनुवट्या घेऊन आलेली बाई एकच घेऊन परतायची, आणि तिच्या नवऱ्याला दुसरी कुठे गेली हे विचारायची छाती व्हायची नाही. यात कॅमेऱ्याचं कर्तृत्व शून्य. तो बापडा समोर दिसेल तेवढंच टिपत होता. सगळी करामत मागच्या खोलीत, खिडकीशी तिरक्या चौकटीपुढे बसलेल्या मालकांच्या लेकीची होती. तिला सगळे काचताई म्हणत.

त्या काळी फोटो काचेवर उतरे, आणि काचेवर सगळा उलटा कारभार असे. केस पांढरे, दात काळे. काचताई टोकदार पेन्सिलीने काचेवर बारीक बारीक रेघा भरायची. जिथे भरलं तिथे छापताना उजळ यायचं, व्रण बुजायचे. आणि जिथे काळं हवं तिथे ती पातळ पात्याने खरवडायची. पेन्सिलीचं काम पुसता येतं, पात्याचं येत नाही. खरवडलेलं गेलं ते गेलं. म्हणून पातं हातात असताना तिच्याशी कुणी बोलायचं नाही, खुद्द तिच्या बापानेही नाही.

बाबांचे दुकानात दोन नियम होते. पहिला, काचेवर हात फिरवल्याशिवाय एकही फोटो बाहेर जाणार नाही. दुसरा, हात फिरवण्याआधी गिऱ्हाइकाला एक कच्ची प्रत दाखवायची. ती उन्हात छापायची, पण औषधाच्या पाण्यात बुडवून पक्की करायची नाही. अशी प्रत आडोशाला धरून बघितली तर ठीक, उजेडात राहिली की जांभळी होत होत काळी पडायची. बाबा ती मुद्दामच कच्ची ठेवत, नाहीतर लोक फुकटची प्रत खिशात घालून पसार झाले असते. एक महाशय झालेही होते. दुसऱ्या दिवशी काळाकुट्ट कागद नाचवत भांडायला आले. बाबा शांतपणे म्हणाले, "फोटो उत्तम आलाय. फक्त तुम्ही दिवा विझवलाय."

मास्तर या दुकानात पहिल्यांदा आले ते शाळेच्या कसल्याशा कामासाठी स्वतःचा फोटो हवा म्हणून. कच्ची प्रत बघून त्यांनी बजावलं, "माझ्या चेहऱ्याला हात लावायचा नाही. आहे तसा राहू दे."

पडद्यामागून आवाज आला, "आहे तसाच हवा होता तर आरसा घ्यायचा. स्वस्तात पडला असता."

मास्तरांनी पडदा बाजूला केला आणि पुढचं सगळं तिथेच ठरलं, असं म्हणायला हरकत नाही. त्यांचा चेहरा तसा काही देखणा नव्हता. डावी भुवई मधोमध तुटलेली, नाकाला वर एक उंचवटा, हनुवटीला खळी, आणि ओठ असे मिटलेले की आत हसू कोंडलंय हे शेंबड्या पोरालाही कळावं. काचताईने ती काच चौकटीवर लावली, पेन्सिल उचलली आणि खाली ठेवली. तिला पहिल्यांदाच एखाद्या चेहऱ्यात दुरुस्त करण्यासारखं काही दिसेना. दुकानातली हात न फिरवलेली तेवढी एकच काच. बाबांनी नियम मोडल्याबद्दल भुवया चढवल्या, पण लेकीचं तोंड बघून समजायचं ते समजले. कच्ची प्रत तिने काळ्या कागदात गुंडाळून ठेवून दिली. कशासाठी, ते तेव्हा तिलाही सांगता आलं नसतं.

लग्न झालं. दुकानामागच्या दोन खोल्यांत मास्तर आणि त्यांची आई राहायला आले. घरजावई म्हणून लोकांनी चार दिवस तोंडसुख घेतलं आणि मग कंटाळले. मास्तर सकाळी शाळेत जात, संध्याकाळी तिच्या शेजारी बसून काचांवरचे उलटे चेहरे ओळखायचा खेळ खेळत. एक नंबरचे ढ. स्वतःच्या मुख्याध्यापकांना ते एकदा धोबी म्हणाले होते.

पण शाळा सुटल्यावर घरी यायला त्यांना अधूनमधून उशीर होई. त्यांच्या मित्रांत एक बुटका होता, तो आलेला असताना ही जवळ गेली की बोलणं एकदम हवापाण्याकडे वळायचं. काचताईला सगळं कळत होतं. परक्या सरकारशी दोन हात करायला निघालेली माणसं हवापाण्याच्या गप्पा फारच वाईट मारतात. तिने विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. आणि एके दिवशी गावात बातमी फुटली की सरकारी हत्यारांच्या कोठाराचं दार उघडं सापडलं, आतल्या बंदुका गेल्या आणि पहाऱ्यावरचा गोरा अधिकारी ठार झाला.

त्या दुपारी मास्तर शाळेतून लवकर आले. भिंतीवरच्या चौकटीतून त्यांनी आपला फोटो काढला आणि चुलीत घातला. आई शेजारी गेल्या होत्या.

"आमच्यात एक नियम आहे," ते म्हणाले. "जो जातो त्याने घरी निरोप पाठवायचा नाही. चिठ्ठी नाही, माणूस नाही, काही नाही. निरोप आला की मागोमाग पोलीस येतात. तेव्हा माझं काहीच कळलं नाही तर घाबरू नकोस."

"बरं."

"आणि ती काच फोडून टाक. शाळेतला मी सकाळीच जाळला. माझा दुसरा फोटो कुठे नाही. चेहरा नसला की त्यांना मी सापडत नाही."

"फोडते," ती म्हणाली.

"आईला सांग..." एवढं म्हणून ते थांबले. आईला काय सांगायचं ते त्यांना सुचलं नाही, आणि ओठ नेहमीसारखे मिटून ते मागच्या दाराने निघून गेले.

तिने काच फोडली नाही. दोनदा उचलली, दोनदा ठेवली. उद्या सकाळी फोडू, असं म्हणाली. माणूस स्वतःला फसवतो तेव्हा नेहमी सकाळचाच वायदा करतो.

सकाळी पोलीस आले. रिकामी चौकट बघून साहेबाला हसू आलं. "फोटो होता म्हणायचा," तो म्हणाला, आणि सरळ दुकानात जाऊन त्याने काचांची फळी धुंडाळायला लावली. मास्तरांच्या नावाची चिठ्ठी लावलेली काच सापडली. बाबांचा चेहरा पांढराफटक पडला. साहेबाने हुकूम सोडला, उद्या संध्याकाळपर्यंत या काचेवरून ढीगभर प्रती हव्यात, गावोगाव भिंतींवर लावायच्या आहेत.

बाबा भेदरले होते, आणि भेदरलेल्या माणसाच्या तोंडून आयुष्यभराची सवय तेवढी बाहेर पडते. ते म्हणाले, "साहेब, काचेवर हात फिरवल्याशिवाय आमच्याकडे छापत नाहीत."

"म्हणजे?"

"डागबीग काढायचे. कारागीर काढतो. त्याशिवाय फोटो स्वच्छ येत नाही."

"मग काढा. पण लवकर," साहेब म्हणाला आणि दुकानाच्या दारात एक शिपाई बसवून निघून गेला. कारागीर कोण, हे विचारायचं त्याला सुचलं नाही. बाईमाणूस कारागीर असतं हे त्याच्या डोक्यातच नव्हतं.

बाबांनी काच आणून तिच्या पुढ्यात ठेवली.

"पोरी, फोडू या का? म्हणू, हातातून पडली."

"मग तुम्हाला नेतील. आणि ते दुसरीकडून चेहरा शोधतील. शाळेत विचारतील, कुणाकडून चित्र काढून घेतील." तिने काच उजेडाकडे धरली. "त्यांना चेहरा हवाय ना? मग देऊ या."

बाबा बाहेर गेले आणि शिपायाशी उगाचच हवापाण्याच्या गप्पा मारत बसले.

तिने काच चौकटीवर लावली. मास्तर उलटे, काळे-पांढरे, तिच्याकडे हसू दाबून बघत होते. आहे तसा राहू दे, म्हणाले होते. तिने पातं उचललं आणि सगळ्यांत आधी भुवईची मोड खरवडली. तुटलेली भुवई अखंड झाली. मग नाकाचा उंचवटा सावलीत घालवून नाक सरळ केलं. हनुवटीची खळी पेन्सिलीने भरली. जबडा दोन्हीकडून निमुळता केला. शेवटी ओठ उरले. ओठांच्या कोपऱ्यांपाशी नेलेलं पातं तिने एकदा मागे घेतलं, फडक्याने पुसलं. तिने श्वास रोखला आणि ते कोंडलेलं हसूही खरवडून काढलं. रडायची सोय नव्हती. पाण्याचा थेंब काचेवर पडला असता तर सगळं काम वाया गेलं असतं.

प्रती छापल्या तेव्हा त्यावर एक चांगला रुबाबदार, कोरड्या चेहऱ्याचा इसम उतरला होता. जगात असा माणूस कुठेच नव्हता.

भिंतीभिंतींवर तो इसम लागला. गल्लीतल्या लोकांनी त्याला बघितलं, एकमेकांकडे बघितलं आणि तोंडं शिवून घेतली. कुणी विचारलंच तर म्हणत, "त्या दुकानाचा फोटो आहे. तिथे सगळेच ओळखू येत नाहीत." गोची झाली ती फक्त सासूबाईंची. त्यांना यातलं काही सांगितलेलं नव्हतं, कारण त्यांचा आवाज खणखणीत होता आणि गुपित राखणं त्यांच्या प्रकृतीला मानवत नसे. नळावर जाताना त्यांनी भिंतीवरचं चित्र बघितलं आणि भर रस्त्यात ओरडल्या, "हा कोण मेला? हा माझा मुलगा नव्हे!"

पहाऱ्यावरचा शिपाई हसला. "सगळ्या आया असंच म्हणतात, आजी."

मग घराच्या झडत्या सुरू झाल्या. पोलीस अवचित यायचे, डबे उपडे करायचे, गाद्या फाडायचे, जाताना एखादी शिवी हासडून जायचे. पहिल्यांदा काचताईची पाचावर धारण बसली. पुढे मात्र भलतंच घडलं. ती झडतीची वाट बघायला लागली. इतर बायका पोस्टमनची वाट बघत, ही पोलिसांची. कारण मास्तरांचा निरोप येणार नव्हता, पण पोलीस अजून शोधतायत म्हणजे ते सापडलेले नाहीत, आणि सापडलेले नाहीत म्हणजे कुठेतरी आहेत. बूट वाजले की तिच्या जिवात जीव यायचा. खूप दिवसांत कुणी फिरकलं नाही तर तिला घास गिळवत नसे. पोलीस घर उलटंपालटं करून गेल्यावर ती पसारा आवरताना गुणगुणत असे, आणि शेजारीण दारातून बघून म्हणे, "बिचारीच्या डोक्यावर परिणाम झालाय."

तिच्यापाशी खरे मास्तर उरले होते ते त्या कच्च्या प्रतीत. काळ्या कागदाचं ते पुडकं फोटोच्या कोऱ्या कागदांच्या पुडक्यांत ठेवलेलं होतं. ती प्रत पक्की करून घेणं म्हणजे पाव तासाचं काम. बाबा म्हणालेसुद्धा, "एकदा औषधातून काढ. काळ कसा येईल सांगता येत नाही."

"नको," ती म्हणाली. "पक्की प्रत पोलिसांना सापडली तर ती साक्ष देईल. कच्ची असली तर उघडून चौकीवर नेईपर्यंत काळी होईल. यांना शोधणारं कुणी उरलं नाही, त्या दिवशी पक्की करीन."

अंधाऱ्या खोलीतल्या लाल दिव्याने कच्च्या प्रतीला इजा होत नाही. दिवसाचं काम संपलं की ती दार लावून घ्यायची, लाल दिव्याशी पुडकं सोडायची आणि बसायची. एवढीशी तुटकी भुवई, एवढंसं हसू. कधी दुकानातली गंमत सांगायची, कधी भांडायची. "काच फोड म्हणालात, नाही फोडली. काय कराल?" असं म्हणून एकदा ती हसली आणि मग किती तरी वेळ हुंदके आवरेनात. तिला ते हवे होते. फोटोतले नव्हे, धोब्याला आणि मुख्याध्यापकाला एकच समजणारे, पायांत मोजे तसेच ठेवून झोपणारे, खरे. त्यांच्या बाजूची उशी ती रोज झटकून ठेवायची आणि सकाळी तशीच फुगलेली बघायची.

वर्षं गेली. बाबा गेले. दुकान काचताईच्या अंगावर पडलं आणि तिने ते पेललं. सासूबाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. त्यांना घरात फक्त सावल्या हलताना दिसत. कडक उन्हात एखादी वस्तू नाकाशी धरली तरच तिचा आकार कळे. निवडणं-टिपणं त्या गच्चीवर, भर दुपारी करत आणि खडे तसेच ठेवून तांदूळ टाकून देत. काचताई गुपचूप ते परत निवडायची.

एकदा त्या तापाने पडल्या आणि नेहमीसारख्या उठल्या नाहीत. डॉक्टरांनी बाहेर येऊन मान हलवली. चौथ्या दिवशी ताप उतरला, पण अंगात काही उरलं नव्हतं. त्यांनी सुनेला जवळ बोलावलं. तो खणखणीत आवाज कुठल्या कुठे गेला होता.

"एक सांगते. कुणाला सांगितलेलं नाही. त्याची भुवई तुटकी होती ना, ती माझ्यामुळं. तान्हा असताना माझ्या हातून निसटला. चुलीच्या कडेवर आपटला. मी घरी सगळ्यांना सांगितलं, पाळण्यातून पडला." त्यांना धाप लागली. "त्यालाही तेच सांगितलं. मोठा झाल्यावर खरं सांगू म्हटलं, तर हा निघूनच गेला. मला त्याचा चेहरा आठवत नाही गं. आठवायला गेलं की भिंतीवरचा तो मेलाच आठवतो."

तो भिंतीवरचा मेला काचताईने घडवला होता.

"आई," ती म्हणाली, "माझ्यापाशी त्यांचा खरा फोटो आहे."

तिने त्यांना आधार देऊन अंधाऱ्या खोलीत नेलं, लाल दिवा लावला, प्रत त्यांच्या डोळ्यांशी धरली. सासूबाई डोळे ताणून ताणून बघत राहिल्या.

"कुठाय?"

"ही काय. तुमच्या समोर."

"मला काळोख दाखवायला आणलंस होय?" त्या म्हणाल्या. रागाने नव्हे, लहान मुलाला खाऊ म्हणून रिकामी मूठ दाखवली की ते म्हणतं तसं.

त्यांना अंथरुणावर निजवून काचताई चौकटीपुढे जाऊन बसली. प्रत पक्की करायची म्हटलं तर चार दिवसांपूर्वीच झडती झाली होती. पोलीस अजून शोधत होते, म्हणजे ते होते. म्हातारीच्या एका नजरेसाठी त्यांच्या गळ्यात फास अडकवायचा का? पक्की करून, दाखवून, मग जाळायची म्हटलं तर तिला स्वतःची पुरती ओळख होती. जिच्याने काच फोडवली नाही, तिच्याने ही जाळवणार होती थोडीच? ती पुन्हा सकाळचा वायदा करणार, आणि सकाळी पुन्हा पोलीस येणार. आणि कच्चीच उन्हात न्यायची म्हटलं तर संपलंच. मग तिच्यापाशी काय उरणार?

आतून खोकल्याचा आवाज आला. ती उठली.

दुपारी तिने सासूबाईंना गच्चीवर नेऊन खुर्चीत बसवलं. ऊन रणरणत होतं. "आई, हा फोटो उन्हात टिकत नाही. काळा पडत जातो. तेव्हा लगेच बघून घ्या," ती म्हणाली आणि पुडकं सोडलं.

सासूबाईंनी दोन्ही हातांनी प्रत धरली आणि पार नाकाशी नेली. काचताईला वाटलं होतं, त्यांच्या खांद्यावरून आपणही एकदा बघून घेऊ. पण त्यांचं डोकं आड आलं. समोर गेली तर दिसली ती फक्त प्रतीची कोरी पाठ. बाजूला व्हा, असं तिला म्हणवलं नाही.

"आहे गं," सासूबाई म्हणाल्या. "हा आहे. ही बघ भुवई. इथं तुटलीय." त्यांचं बोट कागदावर फिरलं. "हसतोय मेला. दाबून धरलंय हसू. लहानपणी साखर चोरली की असंच तोंड करायचा." मग आवाज बारीक झाला. "माझ्या हातून पडलास रे. मी पाडलं तुला. पाळणा नव्हता तिथे."

काचताई पाठ फिरवून कठड्याशी उभी राहिली. तिने कठडा घट्ट धरला होता.

बऱ्याच वेळाने सासूबाई म्हणाल्या, "ऊन गेलं का गं? अंधारून आलंय."

ऊन डोक्यावर तळपत होतं. "हो आई," ती म्हणाली. "ढग आलाय."

"गेला आत," सासूबाई म्हणाल्या आणि कागद तिच्या हाती दिला. त्यावर आता काही नव्हतं. जांभळट काळा, गुळगुळीत चौकोन. तिने तो काळ्या कागदात पुन्हा गुंडाळून जागेवर ठेवला. सवयच ती.

सासूबाई त्या आठवड्यातच गेल्या, आणि बऱ्यापैकी निवांत गेल्या.

त्यानंतर देश स्वतंत्र झाला. झेंडे लागले, तुरुंगांची दारं उघडली, घराघरांतून गेलेली माणसं परतायला लागली. काचताईने दुकानाचं दार उघडंच ठेवलं. रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक पुरुषाकडे ती इतकी निरखून बघायची की सभ्य माणसं कोट नीट करायची. मनात एकच धास्ती होती. ते आले आणि मी ओळखलंच नाही तर? कारण आता डोळे मिटले की तिच्याही समोर तो भिंतीवरचा इसमच येत होता.

गावातल्या पुढाऱ्यांना कुठून तरी जुनं चित्र सापडलं. त्यांनी ते मोठं करून, रंगवून, नव्या सभागृहात हार घालून लावलं. काचताईला पहिल्या रांगेत बसवलं. आपल्या हातच्या कामाला तिने हात जोडले आणि घरी आली.

आणि एके दुपारी बुटका दारात उभा राहिला. तुरुंगाने त्याला आणखीच बुटका केलं होतं. तिने पाणी दिलं. तो पाणी प्यायला, पेला खाली ठेवला, पुन्हा उचलला. तेव्हाच तिला कळलं.

"केव्हा?" तिने विचारलं.

"वहिनी, तुम्हाला कुणी सांगितलंच नाही?"

"निरोप पाठवायचा नाही, असा तुमचाच नियम होता."

त्याने मान खाली घातली. "पहिल्याच पावसाळ्यात. नदी उतरताना पलीकडून गोळी लागली. पोलिसांनी त्याला काठावर ठेवलं. मी गर्दीत उभा होतो. साहेबाने भिंतीवरचं चित्र मागवलं, मास्तरच्या तोंडाशेजारी धरलं. एकदा इकडे बघतो, एकदा तिकडे. मग म्हणाला, हा तो नव्हे. याची भुवई तुटकी आहे." बुटक्याने स्वतःच्या डाव्या भुवईवर बोट ठेवलं. "बेवारशी म्हणून शेवट उरकला. आम्हाला तेव्हा आनंद झाला होता हो. वाटलं, मेल्यावरही हा त्यांना सापडला नाही. पुढे महिन्याभरात मी दुसऱ्याच भानगडीत आत गेलो."

काचताईने रिकामा पेला उचलून कडेला ठेवला. पहिल्याच पावसाळ्यात. म्हणजे पोलीस इतकी वर्षं शोधत होते ते कुणाला? त्या इसमाला, जो कधी जन्मलाच नव्हता. प्रत्येक झडतीनंतर ती गुणगुणली होती. ते आहेत, असं प्रत्येक बुटाने तिला सांगितलं होतं, आणि त्या बुटांना तिनेच पाठवलं होतं. लाल दिव्याशी बसून ती भांडत होती तेव्हा ते नव्हते. प्रत पक्की करायला भीती कसली ती नव्हतीच. कधीही पाव तास काढून ती करता आली असती.

"सभागृहातला तो फोटो बघून मला हसूच आलं," बुटका म्हणत होता. "त्याचा काय संबंध? वहिनी, खरा असेल ना एखादा तुमच्याकडे? मला एकदा बघू द्या."

तिने फळीवरून पुडकं काढलं आणि सोडून त्याच्या हातात दिलं. त्याने कागद उलटापालटा करून बघितला आणि गोंधळून तिच्याकडे पाहिलं. तिने सगळं सांगितलं. गच्चीवरचं सांगताना मात्र ती ढसढसा रडली, इतकी वर्षं काचेवर पडू न दिलेलं सगळं पाणी एकदम आलं.

"खुद्द आईला बघू दिलंत," बुटका डोळे पुसत म्हणाला. "वाया नाही गेला."

"वाया कशाने जाईल?" ती म्हणाली.

तो गेल्यावर तिने अंधाऱ्या खोलीत बशी मांडली, औषधाचं पाणी ओतलं आणि तो काळा कागद त्यात अलगद बुडवला. यांना शोधणारं कुणी उरलं नाही, त्या दिवशी पक्की करीन, असं ती म्हणाली होती. नंतर स्वच्छ पाण्यात पुन्हा पुन्हा धुतला, वाळवला, कडा सारख्या केल्या. मग ती जुनी रिकामी चौकट काढून त्यात बसवला आणि दुकानात, गिऱ्हाइकांना दिसेल अशा भिंतीवर टांगला.

बघणारे बुचकळ्यात पडत. एका नव्या नवरीने धीर करून विचारलंच, "ताई, हा फोटो बिघडला का हो?"

काचताई पेन्सिलीला टोक काढत होती. "नाही," ती म्हणाली. "आमच्या ह्यांचा आहे. आहे तसाच ठेवलाय."